सिन्यची आल्का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोएशियातल्या सिन्य गावात दरवर्षी ऑगस्टमध्ये घोडेस्वार भरधाव येतात आणि दोरीला टांगलेली लोखंडी कडी भाल्याच्या टोकावर उचलून नेतात. या खेळाविषयी मी लिहायला लागल्यापासून वाचक फिरून फिरून तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, अडचणीचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. आल्का म्हणजे नेमकं काय?

आल्का हे त्या कडीचं नाव, आणि कडीवरून खेळाचंही. गावातल्या मुख्य रस्त्यावर सुमारे 160 मीटरची सरळ धाव आखलेली असते. तिच्यावर जमिनीपासून सव्वातीन मीटरच्या आसपास उंचीवर आडवी दोरी बांधतात आणि दोरीच्या मध्यावर कडी टांगतात. एका वेळी एकच स्वार सुटतो. घोडा चौखूर हवा, भाला आडवा धरलेला हवा आणि नजर कडीवर. प्रत्येकाला तीन दौडी मिळतात. तीन दौडींत सगळ्यांत जास्त गुण मिळवणारा त्या वर्षीचा विजेता. त्याला 'स्लावोदोबित्निक' म्हणतात आणि त्याचं नाव गावाच्या कायम लक्षात राहतं.

2. हे सिन्य आहे कुठे? आणि उच्चार 'सिंज' का नाही?

रोमन लिपीत शेवटी जे 'ज'सारखं अक्षर दिसतं, त्याचा क्रोएशियन उच्चार 'य'कडे झुकतो. म्हणून सिन्य. दाल्मेशियाचा किनारा म्हटला की लोकांना निळं पाणी आणि होड्या आठवतात. सिन्य त्या किनाऱ्यावर नाही. स्प्लिट शहरापासून आत, डोंगर ओलांडून साधारण 35 किलोमीटरवर, त्सेतिना नदीच्या खोऱ्यात ते वसलं आहे. या मुलखाला 'त्सेतिन्स्का क्रायिना' म्हणतात. क्रायिना म्हणजे सीमेवरचा प्रदेश. एका बाजूला व्हेनिसचं राज्य, दुसऱ्या बाजूला उस्मानी साम्राज्य, आणि मधे हे खोरं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं या एका शब्दाशी येऊन मिळतात.

3. सिनेमात दोन चिलखती सरदार भाले रोखून एकमेकांवर धावून जातात, तेच का हे?

नाही. इथे समोर माणूस नसतो, कडी असते. युरोपात दोन्ही खेळ शेजारी शेजारी वाढले. समोरासमोरच्या झुंजीत जीव जाण्याचा धोका मोठा होता. 1559 साली फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री अशाच एका झुंजीत जखमी झाला. प्रतिस्पर्ध्याच्या मोडलेल्या भाल्याची चिरफळी त्याच्या डोळ्यात घुसली आणि थोड्याच दिवसांत तो मरण पावला. झुंजींचा जमाना ओसरत गेला तरी कडी उचलण्याचा खेळ राहिला, कारण त्यात घोड्यावरची मांड, हाताची स्थिरता आणि नजर या तिन्हींची परीक्षा होते आणि कुणी मरत नाही. एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरच्या गावांत तो नेमाने होत असे. सिन्यचा खेळ त्याच कुळातला आहे.

4. गुण कसे देतात? कडीला भाला लागला म्हणजे झालं का?

कुठे लागला यावर सगळं ठरतं. आल्का म्हणजे एकात एक अशी दोन वर्तुळं, तीन दांड्यांनी जोडलेली. बाहेरच्या वर्तुळाचा व्यास 13 सेंटीमीटरहून किंचित जास्त. आतल्याचा साधारण 3.5 सेंटीमीटर, म्हणजे एका लहान पेढ्याएवढा. त्या आतल्या वर्तुळातून भाला गेला तर 3 गुण. दोन वर्तुळांमधल्या वरच्या खणात गेला तर 2. खालच्या दोन खणांपैकी कुठल्याही एकात गेला तर 1. चुकला तर शून्य. तीन दौडींत जास्तीत जास्त 9 गुण.

भाला सुमारे तीन मीटर लांब असतो. एवढ्या लांब काठीचं टोक धावत्या घोड्यावर किती हलतं याचा अंदाज घ्यायचा असेल तर घरातली जाळं काढायची लांब काठी आडवी धरून नुसतं चालून पाहा. म्हणून तीन गुण मिळाले की सगळा रस्ता एका दमात ओरडतो, "उ स्रिदू!", म्हणजे "मधोमध!" 'माच्कुला' नावाच्या छोट्या उखळी तोफा धडाडतात आणि खोऱ्यात लांबवर कळतं की कुणीतरी मध्य साधला.

5. गुण सारखे झाले तर?

जे बरोबरीत असतील तेवढेच पुन्हा धावतात. याला 'प्रिपेतावान्ये' म्हणतात. एकाचे गुण दुसऱ्याहून जास्त होईपर्यंत हे चालतं. माझ्या मते आल्का खऱ्या अर्थाने पाहायची ती अशा वेळी. घोडे दमलेले असतात, ऊन उतरलेलं असतं आणि रस्त्यावर बोलणं थांबलेलं असतं.

6. कार्यक्रम तीन दिवसांचा का? 'बारा' म्हणजे बारा स्वार का?

मराठी माणसाची हमखास गफलत होते ती इथे. 'बारा' हे पहिल्या दिवसाच्या स्पर्धेचं नाव आहे, आकडा नव्हे. शुक्रवारी बारा, शनिवारी चोया, रविवारी आल्का. चोया म्हणजे जाड लोकरी कापड, आपल्या जुन्या कागदांतल्या सकलादीच्या जातीचं. कडी तीच आणि गुणांची रीतही तीच, पण मान रविवारचा. पूर्ण लवाजमाही रविवारचाच (प्रश्न 10).

7. 1715 साली काय घडलं होतं?

1714 मध्ये उस्मानी साम्राज्य आणि व्हेनिस यांच्यात पुन्हा युद्ध पेटलं. सिन्यचा किल्ला 1686 पासून व्हेनिसकडे होता. ऑगस्ट 1715 मध्ये बोस्नियाहून मेहमेद पाशाची फौज त्सेतिना ओलांडून आली आणि तिने किल्ल्याला वेढा घातला. आत सैनिक, आसपासच्या खेड्यांतले लोक आणि फ्रान्सिस्कन मठवासी मिळून 700 च्या आसपास लढणारे होते असं परंपरा सांगते. बाहेरची फौज हजारोंची होती. लोककथेत तो आकडा 60,000 पर्यंत जातो. इतका तो नसावा असं अभ्यासकांना वाटतं, मलाही वाटतं. पण विषम सामना होता याबद्दल वाद नाही.

शेवटचा मोठा हल्ला 14 ऑगस्टला झाला. तो परतवला गेला आणि त्या रात्री वेढा उठू लागला. 15 ऑगस्ट हा मारियामातेच्या स्वर्गारोहणाचा सण. मठवासी 1687 साली बोस्नियातल्या रामा इथून निघून आले तेव्हा त्यांनी मातेचं एक चित्र सोबत आणलं होतं, ते वेढ्यात किल्ल्यातच होतं. तटावरून शुभ्र वस्त्रातली एक स्त्री चालताना शत्रूने पाहिली आणि तो घाबरून पळाला, असं गाव आजही सांगतं. इतिहासकार तटबंदीची चिवट झुंज आणि छावणीत पसरलेली हगवण यांकडे बोट दाखवतात. गावाला दोन्ही हकीकती माहीत आहेत, दोन्ही सांगितल्या जातात. विजयानंतर लोकांनी सोनं जमा करून चित्रातल्या मातेला मुकुट चढवला, आणि त्यावर 1715 हे साल रोमन अंकांत कोरलेलं आहे.

8. मग खेळ 1715 मध्येच सुरू झाला ना?

विजयाच्या स्मरणार्थ सुरू झाला, हे खरं. कडी उचलण्याचा खेळ त्या वर्षी शोधून काढला असं मात्र नाही, तो किनाऱ्यावर आधीपासून होता (प्रश्न 3). सिन्यच्या लोकांनी ओळखीच्या खेळाला नवा अर्थ दिला.

एका वाचकाने बारकाईने विचारलं होतं: 2015 मध्ये 300वी आल्का साजरी झाली. पहिली 1715 ची धरली तर 2015 ची 301वी व्हायला हवी. हिशेब बरोबर आहे. म्हणजे क्रमांक वेढ्यानंतर उलटलेल्या वर्षांशी जुळतो. त्यावरून प्रत्येक वर्षीची धाव कुठल्यातरी वहीत नोंदलेली आहे असा अर्थ काढू नये. पक्का लेखी आधार नियमांचा आहे आणि ते 1833 सालचे आहेत (प्रश्न 13).

9. तुर्कांवरच्या विजयाचा उत्सव, आणि त्यातले शब्द तुर्की कसे?

मला सगळ्यांत आवडणारा प्रश्न हा. 'आल्का' हा शब्द तुर्कीतल्या 'हल्का'वरून आला, तो मुळात अरबी, अर्थ कडी किंवा वर्तुळ. हिंदी मुलखात तलाठ्याच्या हद्दीला 'पटवारी हलका' म्हणतात, तो हाच शब्द. एक फाटा दिल्लीकडे आला, एक त्सेतिनाच्या खोऱ्यात गेला.

पुढे जाऊ. मिरवणुकीला आणि स्वारांना हुकूम देणाऱ्याला 'आलाय-चाउश' म्हणतात. आलाय म्हणजे पलटण, चाउश म्हणजे तिच्यातला हुकूम पोचवणारा अंमलदार. मराठवाड्यातल्या वाचकांना चाऊस हे आडनाव शाळेपासून ओळखीचं असेल. निजामाच्या अरब पलटणींबरोबर आलेला तो शब्दही मूळचा याच तुर्की 'चावुश'चा. निशाण धरणारा 'बार्याक्तार', गदा 'बुझ्दोवान', स्वारांची केसाळ टोपी 'काल्पाक', सगळे त्याच बाजूने आलेले.

शतकानुशतकं सीमेवर राहणारे लोक समोरच्याशी फक्त लढत नाहीत. बाजार करतात, घोडे विकत घेतात, शब्द उचलतात. शत्रूचीच भाषा वापरून त्याच्यावरच्या विजयाचं वर्णन होतं यात सिन्यच्या माणसाला काहीच विसंगत वाटत नाही, कारण तोवर ती भाषा त्याची झालेली असते.

10. मिरवणुकीत एक सजवलेला घोडा स्वाराविना का चालवतात?

तो 'एदेक'. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: कोतल घोडा. सरदाराच्या स्वारीत सजवून, रिकाम्या खोगिराने नुसता चालवत नेतात तो. सिन्यच्या परंपरेत एदेक म्हणजे वेढ्यात हाती लागलेला पाशाचा घोडा. अंगावर भरजरी साज, दोन्ही बाजूंना मोतद्दार, आणि पाठ रिकामी. वारीतल्या माउलींच्या अश्वाची आठवण बऱ्याच जणांना येते. दिसायला साम्य आहे, पण तिथे पाठीवर माउली बसलेली आहे असा भाव असतो. इथे स्वार पळाला, हेच दाखवायचं असतं.

बाकीचा क्रम साधारण असा. पुढे 'मोम्त्सी', म्हणजे पायदळातले साथीदार. डोंगरी वेश, हातात लांब बंदुका, कमरेला यातागान (आखूड वाकडी तलवार), आणि त्यांचा म्होरक्या 'हारांबाशा'. ढाल आणि गदा वाहणारे, मग एदेक, निशाण, आणि सगळ्यांचा प्रमुख 'वोयवोदा'. त्याचा पोशाख सगळ्यांत भारी असतो, पण तो स्पर्धेत धावत नाही. स्पर्धेतले स्वार, म्हणजे 'आल्कार', निळ्या कापडाचे चांदीकाम केलेले अंगरखे घालतात.

11. मला चांगली घोडेस्वारी येते. परदेशी माणूस भाग घेऊ शकतो का?

नाही. क्रोएशियातल्या दुसऱ्या शहरातला माणूसही घेऊ शकत नाही. आल्कार सिन्य आणि त्सेतिन्स्का क्रायिनातल्या घराण्यांतलाच लागतो, आणि त्याची वागणूक चोख असावी अशी अपेक्षा असते. मुलगा लहानपणी वडिलांबरोबर तबेल्यात जातो, मोठा होऊन मोम्त्सींमध्ये उभा राहतो, काही थोडे पुढे भाला हातात घेतात. कित्येक घरांत आजोबा, वडील आणि नातू तिघेही या ना त्या नात्याने मिरवणुकीत असतात. हा नियम बाहेरच्याला बोचतो हे मला मान्य आहे. तरीही तो असावा असंच मी म्हणेन. का ते प्रश्न 13 मध्ये.

12. स्त्रिया का नाहीत?

आल्कार पुरुषच असतात. वेढा लढलेल्या सैन्याची प्रतिमा म्हणून परंपरा तशी घडली. पण पोशाख शिवणं, भरतकाम, ते पिढ्यान्‌पिढ्या जपणं आणि दुरुस्त करणं, त्या दिवसांत घरी येणाऱ्या नातलगांचं सगळं पाहणं, ही अर्धी आल्का गावातल्या स्त्रियांनी सांभाळली आहे, आणि या कामाचं नाव विजेत्यांच्या यादीत येत नाही. सार्डिनियातल्या ओरिस्तानो इथे अशाच कुळातला 'सार्तिल्या' हा उत्सव होतो. तिथे स्त्रियाही घोड्यावरून धावतात आणि स्वारांचा म्होरक्या स्त्री असल्याचंही उदाहरण आहे. परंपरा त्याने मोडली नाही. सिन्यने काय करावं हे सिन्य ठरवेल, पण बदल अशक्य असतो असं मात्र कुणी म्हणू नये.

13. इतक्या राजवटी बदलल्या. किनाऱ्यावरचे बाकीचे खेळ बंद पडले. हाच कसा टिकला?

आधी राजवटी मोजू. 1797 पर्यंत व्हेनिस. मग ऑस्ट्रिया, मधे काही वर्षं नेपोलियनचे फ्रेंच, पुन्हा ऑस्ट्रिया, ते थेट 1918 पर्यंत. मग दक्षिण स्लावांचं राज्य, दुसरं महायुद्ध, समाजवादी युगोस्लाव्हिया, आणि 1991 पासून स्वतंत्र क्रोएशिया. ज्या व्हेनिसच्या झेंड्याखाली विजय मिळवला ते प्रजासत्ताकच शंभर वर्षांच्या आत नकाशावरून गेलं. एवढ्यावर आल्का संपायला हवी होती.

ती संपली नाही याचं एक कारण म्हणजे प्रत्येक सत्तेला आल्का आपली वाटावी एवढी लवचीकता गावाने ठेवली. ऑस्ट्रियाच्या काळात सम्राट फ्रान्झ योसेफचा वाढदिवस 18 ऑगस्टला असे, तर आल्का त्या दिवशी धावू लागली. सम्राट गेला आणि तारीखही गेली. 1965 मध्ये वेढ्याच्या 250व्या वर्षी मार्शल टिटो सिन्यला आले. ज्या खेळाच्या मुळाशी मारियामातेचा सण आहे, त्याच्या मांडवात कम्युनिस्ट राष्ट्रप्रमुख बसले. काही जणांना यात लाचारी दिसते. मला दिसत नाही. पाहुण्याला मानाची खुर्ची दिली, पण कडी, दोरी, तीन दौडी आणि 3-2-1 हे गुण तिथेच राहिले.

हे राहिले ते दुसऱ्या कारणामुळे. 1833 मध्ये नियम लिहून काढले गेले. कोण धावेल, कसा धावेल, गुण कोण ठरवेल, वाद झाला तर काय. तोंडी परंपरेत प्रत्येक नवा कारभारी थोडी मोडतोड करतो आणि पन्नास वर्षांत मूळ ओळखू येत नाही. लेखी नियम आले की कारभाऱ्यावर बंधन येतं. खुद्द वोयवोदाही त्या कागदाला बांधील.

आणि तिसरं, माझ्या लेखी सर्वांत मोठं, म्हणजे घराणी. खेळ जर भाड्याच्या स्वारांवर चालला असता तर पैसे आटले त्या वर्षी बंद पडला असता. इथे भाला, अंगरखा, टोपी, खोगीर या वस्तू घरांच्या आणि आल्कार मंडळाच्या जपणुकीत राहिल्या. वडिलांचा अंगरखा पेटीत असताना मुलगा "यंदा नको" म्हणू शकत नाही. बाहेरच्याला भाग न देण्याचा नियम म्हणूनच मला पटतो. पर्यटकाला हौस म्हणून एक दौड विकायला काढली असती तर चार वर्षं चांगली कमाई झाली असती, आणि पाचव्या वर्षी पेटीतल्या अंगरख्याची किंमत कमी झाली असती.

14. आल्का सिन्यच्या बाहेर कधी झाली आहे का?

हो, पण फार क्वचित. 1922 मध्ये दक्षिण स्लावांच्या राज्याचा राजा अलेक्झांडर याच्या लग्नानिमित्त आल्कार बेलग्रेडला गेले होते. 1946 मध्ये झाग्रेबला धाव झाली. एरवी आल्का गावाचा रस्ता सोडत नाही. महोत्सवांत प्रात्यक्षिक म्हणून दाखवली जाते ती आल्का धरत नाहीत.

15. हा उत्सव मुसलमानांविरुद्ध आहे का?

प्रश्न जपून विचारलेला असतो, म्हणून उत्तरही सरळ देतो. आल्का एका वेढ्याची आठवण आहे. वेढा घालणारी फौज उस्मानी होती. लढाईत दोन बाजू असतात आणि उत्सव एका बाजूचा आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कडीच्या जागी कुणाचं डोकं किंवा पुतळा टांगलेला नसतो. इटलीत आरेत्सो इथल्या खेळात स्वार 'सारासेन' नावाच्या लाकडी पुतळ्याच्या ढालीवर भाला मारतात, तिथे शत्रूला चेहरा आहे. सिन्यमध्ये तो नाही. युनेस्कोच्या नोंदीनेही (प्रश्न 17) कडीचं तुर्की नाव दोन संस्कृतींच्या संपर्काची खूण म्हणून सांगितलं आहे. युगोस्लाव्हिया फुटताना 1990 च्या दशकात झालेल्या युद्धानंतर या भागात जुन्या विजयांना नवी धार लावण्याचा मोह अनेकांना झाला, सिन्यही त्यापासून पूर्ण अलिप्त नव्हतं. खेळ म्हणून पाहणाऱ्याने भाषणं आणि दौडी वेगळ्या ठेवाव्यात असं मला वाटतं.

16. घोड्यांचे हाल होत नाहीत का?

बैलगाडा शर्यतींवरचा खटला 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तेव्हापासून हा प्रश्न जास्त येतो. आल्कात घोड्यांची एकमेकांशी शर्यत नसते आणि टक्कर नसते. एकटा घोडा, 160 मीटर, दिवसाला तीन दौडी, आणि दोन दौडींच्या मधे बाकीचे सगळे धावून होईपर्यंत विसावा. बिथरलेल्या घोड्यावर बसून साडेतीन सेंटीमीटरचं वर्तुळ साधत नाही, त्यामुळे घोडा शांत आणि धष्टपुष्ट ठेवणं स्वाराच्याच फायद्याचं. तरीही ऑगस्टचं ऊन, गर्दी आणि तोफांचे आवाज हे घोड्यासाठी सोपे नाहीत. म्हणून तयारी काही आठवड्यांची असून चालत नाही, घोडा वर्षभर हाताखाली लागतो.

17. युनेस्कोच्या यादीत आल्याने काय बदललं?

2010 मध्ये आल्काची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाली. ओळख वाढली, प्रेक्षक वाढले. 2015 मध्ये गावात आल्काचं स्वतंत्र संग्रहालय उघडलं. टिकण्याचं श्रेय मात्र नोंदीला देऊ नये, नोंद झाली तेव्हा आल्का जवळजवळ तीनशे वर्षांची होती.

18. सिन्यची आल्का 'एकमेव' म्हणतात, मग बार्बान, ओरिस्तानो, फोलिन्यो हे काय?

'एकमेव' म्हणताना कशातली एकमेव ते पाहावं. युनेस्कोचं म्हणणं क्रोएशियाच्या किनाऱ्यापुरतं आहे: तिथल्या गावांत एकोणिसाव्या शतकापर्यंत नेमाने होणाऱ्या मध्ययुगीन स्पर्धांपैकी उरलेली ही एकच. क्रोएशियाच्याच इस्त्रिया भागातल्या बार्बानमध्येही कडीची धाव आहे आणि तिचा उल्लेख 1696 चा, म्हणजे सिन्यच्या वेढ्याहून जुना. पण ती मधे बंद पडली आणि 1976 मध्ये पुन्हा सुरू झाली. इटलीत आरेत्सोचा खेळ 1931 मध्ये, फोलिन्योचा 1946 मध्ये नव्याने उभा केला गेला. पुन्हा उभं केलेलं कमी प्रतीचं असतं असं मी मानत नाही. बार्बानच्या लोकांनी मधली मोठी फट ओलांडून खेळ आणला, हेही मोठंच. फक्त दोन्हींची जात वेगळी.

19. आपल्याकडची नेझाबाजी किंवा टेंट पेगिंग म्हणजे हेच का?

चुलत नातं म्हणता येईल. टेंट पेगिंगमध्ये स्वार जमिनीत रोवलेली लाकडी खुंटी भाल्याने उपटून नेतो. त्यातल्या एका प्रकारात आधी टांगलेली कडी आणि मग खुंटी, असं दोन्ही एकाच दौडीत साधायचं असतं. भारतात हा खेळ मुख्यतः लष्कराच्या आणि पोलिसांच्या घोडदळांनी जिवंत ठेवला. फरक असा की तिथे खेळाडू तुकडीचा असतो आणि मैदान कुठलंही चालतं. आल्काचा स्वार आणि रस्ता दोन्ही एकाच गावचे.

20. प्रत्यक्ष पाहायला जायचं असेल तर?

तारीख आधी तपासा. आल्का बहुधा ऑगस्टच्या पहिल्या रविवारी असते, काही वर्षी ती पुढच्या रविवारवर जाते. 1 जानेवारी 2023 पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये आहे आणि चलन युरो आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि उन्हाळ्यात त्याच्या अपॉइंटमेंट लवकर भरतात. राहायला स्प्लिट सोयीचं, तिथून सिन्यला बसने जाता येतं. रविवारी रस्त्याकडेच्या मांडवांना तिकीट असतं. गर्दी नको असेल आणि खेळच बघायचा असेल तर शुक्रवारची बारा गाठा. टोपी आणि पाणी सोबत ठेवा, सावली कमी आहे.

21. आम्ही आठवडाभर उशिरा पोहोचतोय. काहीच बघायला मिळणार नाही का?

संग्रहालय आहेच. आणि 14 तारखेच्या आधी पोहोचणार असाल तर तुम्ही गावाच्या दुसऱ्या मोठ्या दिवसाला पोहोचताय. 14 ऑगस्टच्या संध्याकाळपासून स्प्लिट, सोलिन, क्लिस आणि आसपासच्या खेड्यांतून लोक सिन्यकडे पायी निघतात. कुणी अनवाणी, कुणी कडेवर मूल घेऊन, रात्रभर डोंगराची चढण चढत. पहाटे ते मातेच्या त्याच चित्रासमोर पोहोचतात, जे वेढ्यात किल्ल्यात होतं (प्रश्न 7). तिकीट नाही, कुणालाही चालता येतं. रात्री डोंगरात थंडी वाजते, एक जाड सदरा बरोबर असू द्या.